गोळीवरचा कापूस

पक्षाध्यक्षांना भर सभेत गोळी घातली गेली, त्याला सात वर्षं झाली होती. जन्मठेप झाली ती त्यांच्याच अंगरक्षकाला. साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. जुळली होती फक्त गोळी. प्रयोगशाळेच्या अहवालात एक फोटो होता. डावीकडे पक्षाध्यक्षांच्या छातीतून काढलेली गोळी, उजवीकडे अंगरक्षकाच्या पिस्तुलातून चाचणीसाठी झाडलेली, आणि दोन्हींवर पिस्तुलाच्या नळीने उठवलेल्या बारीक रेघा एकमेकींना बिनचूक भिडलेल्या.

अपिलात बचाव पक्षाने याच फोटोला हरकत घेतली. न्यायाधीशांनी दोन्ही तज्ज्ञांना प्रयोगशाळेतच बोलावलं. एक म्हणजे अहवाल लिहिणारे निवृत्त प्रमुख. त्यांना सगळे रेघामास्तर म्हणत. दुसरी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता बचावाच्या बाजूने आलेली. बाहेर बाकावर अंगरक्षकाची थोरली बहीण बसून होती.

"ये, चष्मेवाली," मास्तर म्हणाले. "गुरूची विकेट काढायला आलीस?"

"तुमच्याच एका नियमाबद्दल विचारायचंय, सर. चाचणीची गोळी पुसायची नाही."

"पुसली की रेघा मरतात. नुसती फुंकर मारायची. त्यात चुकलं काय?"

चाचणीची गोळी कापूस ठासलेल्या लांब पेटीत झाडतात, म्हणजे ती चेमटत नाही. चष्मेवालीने फोटोची मोठी प्रत टेबलावर पसरली आणि पेन्सिलीचं टोक उजव्या गोळीच्या खाचेवर ठेवलं. तिथे कापसाचा तंतू होता. मग टोक डाव्या गोळीवर नेलं. तिथेही होता.

"छातीतून काढलेल्या गोळीवर कापूस कुठून आला?"

मास्तर हसले. "पुरावा कापसात गुंडाळूनच येतो गं. डबीत काय मखमल घालतात?"

न्यायाधीशांनी मान डोलावली.

"डबीतला कापूस वरवर चिकटतो," ती म्हणाली. "हा खाचेत पिळला गेलाय, करपलाय. गरगरत, तापून येणारी गोळीच कापसाला असा पीळ देते. हे तुम्हीच शिकवलंत मला."

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ ते फोटोवर वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"मी एका पिस्तुलातून दोन गोळ्या झाडायचो," ते न्यायाधीशांना म्हणाले. "आधी ती भावंडं एकमेकांशी लावायची. पिस्तूल दर वेळी त्याच रेघा उठवतंय ना, याची खात्री. मग परकी, म्हणजे देहातली गोळी. त्या दिवशी फाटकावर जमाव होता. मंत्र्यांचे फोनवर फोन. मी फोटो काढला आणि पाठवून दिला." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "साहेब, हा भावंडांचा फोटो आहे."

"म्हणजे परकी गोळी लावलीच नाही?"

"आता लावतो. सीलबंद डबी मागवा."

"आणि जुळली तर?" न्यायाधीशांनी चष्मेवालीला विचारलं.

"तर जुळली," ती म्हणाली; पण हातातली पेन्सिल तिने घट्ट धरली होती.

एकाच वर्तुळात दोन्ही गोळ्या शेजारी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली मास्तरांनी छातीतली गोळी कणाकणाने फिरवली. पूर्ण फेरी झाली. त्यांनी दुसरी सुरू केली.

"तू बघ."

तिने पाहिलं. "पिस्तुलाची बनावट तीच आहे. पण एकही रेघ पलीकडे जात नाही."

"नाहीच जात," मास्तर म्हणाले. "पिस्तूल दुसरं आहे. लिहून घ्या, साहेब, मी सही करतो."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी जामिनाचा अर्ज ऐकायचं ठरवलं. हे बहिणीला सांगायला मास्तर स्वतःच बाहेर गेले.

"हे तेव्हा का नाही दिसलं?" तिने विचारलं.

"बघितलंच नाही मी. उद्या कोर्टात हेच सांगणार आहे."

"आणि उद्या परत फोन आले म्हणजे?"

मास्तरांनी खिशातला फोन काढला आणि मागून आलेल्या चष्मेवालीच्या हातात दिला. "साक्ष होईपर्यंत तुझ्याकडे ठेव. वाजला तर वाजू दे."

बहिणीने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली आणि थोडी सरकली.

"बसा," ती म्हणाली. "मला सगळं पहिल्यापासून सांगा. त्याला सांगायचंय."