वाढत्या मापाची पँट

यंदा माझ्या मुलीला मूसच्या शिकारीचं परमिट मिळालं. मूस म्हणजे हरणाच्या जातीतलं, पण घोड्याहून उंच जनावर. इथे कॅनडात हे परमिट लॉटरीनं मिळतं आणि ईशानी कॉलेजात असल्यापासून अप्लाय करत होती. नाव निघालं त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं, "बाबा, डू यू वॉन्ना कम?"

आमच्या पुण्याच्या घरात झुरळसुद्धा कागदावर उचलून बाहेर सोडत. पण पोरगी नोकरीला लागल्यापासून तिनं मला कुठे म्हणून बोलावलं नव्हतं. मी शिकारीबद्दल काहीही विचार न करता हो म्हटलं.

"बट नो नॉइज," ती म्हणाली. "इट हिअर्स एव्हरीथिंग. आवाज केलात तर नेक्स्ट टाइम आय गो अलोन."

मग तिनं मला सरेतल्या एका दुकानात पँट घ्यायला नेलं. ट्रायल रूमबाहेर चारचौघांत मला उकिडवं बसवलं, गुडघा छातीपर्यंत उचलायला लावला, मांड्या एकमेकींवर घासायला लावल्या. स्वतः कान लावून ऐकत होती. शेवटी एक मऊ, लोकरीसारखी पँट पसंत झाली. बसताना कुठे काचत नव्हती आणि घासली तरी हूं की चूं करत नव्हती.

पण कपडा बेतशीर मापाचा घेणं माझ्या रक्तातच नाही. आत थर्मल घालायची, धुतल्यावर आटायची, शिवाय दिवाळीत पोट वाढायचं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन ती दोन मापं मोठी बदलून आणली. त्या मापात मऊ कापड संपलं होतं, म्हणून वॉटरप्रूफ घेतली. ईशानीच्या लहानपणी तिच्या स्नोपँट्सही मी अशाच वाढत्या मापाच्या घ्यायचो. रोज सकाळी दाराशी गुडघ्यावर बसायचं, "आधी डावा पाय" म्हणायचं, मग उजवा, आणि खालून दोन दुमडी घालायच्या. शाळेत ती त्यात अडखळून पडायची आणि घरी येऊन माझ्यावर डाफरायची.

विल्यम्स लेक गावाच्या पुढे, आमचा ट्रक जिथे थांबला, तिथून आम्ही उजाडायच्या आधी चालायला लागलो. गवतावर दंव गोठलं होतं. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसं मला झालं. आणि त्या शांततेत एकच गोष्ट बोलत होती, माझी पँट. फस्स, फस्स, फस्स.

ईशानी थांबली. तिनं पँटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

तिनं ओंजळ तोंडाशी धरली आणि एक लांब, आर्त हाक घातली. मादी मूसची. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज माझ्या लेकीच्या गळ्यात कधीपासून होता? समोरच्या दलदलीच्या पलीकडून उत्तर आलं. नराचा खोल, जाडसर हुंकार. ईशानीनं मला हातानं खूण केली, तुम्ही इथेच थांबा.

म्हणजे संपलंच. पुन्हा हे बोलावणं येणार नव्हतं. मला माझाच असा संताप आला की विचारू नका. मी तिची बाही ओढली, ओंडक्यावर बसलो, बूट काढले, पँट काढली, फांदीवर टांगली आणि थर्मलवर पुन्हा बूट चढवले. तिचे डोळे विस्फारले. तिनं तोंडावर हात दाबून धरला. मग मान हलवली. चला.

मी तिच्या पावलावर पाऊल टाकत गेलो. काही आवाज झाला नाही.

धुकं हललं आणि तो बाहेर आला. आधी शिंगं, दोन परातींएवढी, मग लांबोडकं तोंड, मग तो प्रचंड खांदा. श्वासाची वाफ निघत होती आणि दलदल त्याच्या पायाखाली डचमळत होती. एवढं मोठं काही या जगात जिवंत असतं आणि मी इतकी वर्षं बेसमेंटचं लीक दुरुस्त करत बसलो होतो! त्याच्यासमोर मी किती लहान आहे ते मला कळलं, आणि त्याचं मला सुखच वाटलं. माझे हात कधी जोडले गेले, मला सांगता येणार नाही.

बंदूक रोखलेल्या ईशानीचा श्वास एकदा आत गेला आणि अर्धा बाहेर येऊन थांबला. गोळी सुटली. तो गुडघ्यावर आला, मग आडवा झाला.

 मग ती त्याच्यापाशी गेली, त्याच्या मानेवर तळवा ठेवून बसली, पुटपुटत काहीतरी बोलली. मी जवळ गेलो नाही. ते तिचं आणि त्याचं होतं.

परत येताना तिचे डोळे लाल होते. थंडीनं माझे पाय लाकडासारखे झाले होते, बोटांत बुटांची नाडी धरवत नव्हती. मी ओंडक्यावर नुसता थरथरत बसलो होतो. तिनं फांदीवरची पँट काढली, माझे बूट उतरवले आणि माझ्यापुढे गुडघ्यावर बसली.

"आधी डावा पाय," ती म्हणाली.

मी डावा पाय उचलला. मग उजवा. तिनं मला बूट चढवले आणि पँटच्या खालून, दोन्हीकडे, दोन दुमडी घातल्या.