एका प्रहराचा नेम

तुळशीबाईंनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. त्यांना जे नको असे, त्याविरुद्ध त्या नेम धरीत.

राजेंद्रनं, त्यांच्या मुलानं, जेवायच्या टेबलासमोर टीव्ही लावला, तेव्हा त्यांनी मौनात जेवायचा नेम धरला. आठ दिवसांत टीव्ही आतल्या खोलीत गेला. भांडणाला उलट उत्तर देता येतं, पण व्रताला काय उत्तर देणार? अंबरनाथच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तुळशीबाईंचा शब्द असा न बोलताच चाले.

त्यांची भक्ती खोटी होती असं मात्र कुणी म्हणू नये. पहाटे स्नान, सोमवारी शिवमंदिर, गुरुवारी पोथी, दहा वाजेपर्यंत पूजा आणि पूजा आटोपल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. तीस वर्षांत यात खंड नव्हता.

या आषाढात घरात एक बातमी आली. मैत्रेयी, त्यांची सून, आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याच्या एका कंपनीत तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी. अकरा वर्षांच्या कामानंतर कंपनी तिला प्रयोगशाळेची प्रमुख करायला तयार होती. अट एकच, सकाळी सातला हजर राहायचं.

आत्तापर्यंत ती साडेनऊला निघे. नऊपर्यंत स्वयंपाक होई आणि पूजा आटोपून तुळशीबाई दहाला ऊन ऊन जेवत. गेल्या वर्षी त्या घसरून पडल्या, तेव्हापासून त्यांच्या डाव्या मनगटात जोर उरला नव्हता. कणीक मळता येत नसे, कुकरचं झाकण लागत नसे. मग सातच्या नोकरीत हे सगळं बसायचं कसं?

मैत्रेयीनं वाट काढली. मोठ्या फ्रीझरचा फ्रिज घेतला. रविवारी सकाळी पदर खोचून उभी राहायची ते दुपारपर्यंत आठवड्याच्या आमट्या, उसळी, वाटणं, पराठे असं सगळं करून, निववून, डब्यांत भरून, कडेला पट्ट्या चिकटवून गोठवायची.

"आई, रोज फक्त गरम करायचं. चव तीच, कष्ट निम्मे," ती उत्साहानं म्हणाली.

तुळशीबाईंनी फ्रीझरचं दार उघडलं, गार वाफ तोंडावर घेतली आणि दार हलकेच लावलं. दोन दिवसांनी देवशयनी एकादशी होती. त्या दिवशी देवापुढे हात जोडून त्यांनी चातुर्मासाचा नेम सांगितला. "चुलीवरून उतरल्यापासून एका प्रहराच्या आत जे मुखी पडेल तेच अन्न. त्यापुढचं शिळं. शिळं वर्ज्य."

एक प्रहर म्हणजे तीन तास. पहाटे पाचला केलेलं दहाच्या जेवणाला चालणार नाही, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नव्हता.

"आई, पण मग माझी..." मैत्रेयीनं वाक्य सुरू केलं.

"देवाला शब्द दिलाय गं," तुळशीबाई मृदू आवाजात म्हणाल्या. राजेंद्रनं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं. अशा वेळी आपल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष वर्तमानपत्रच उघडतात, नाही का?

मैत्रेयी तरीही रविवारी डबे भरत राहिली. वेड्या आशेनं म्हणा. त्यातले काही डबे हिरव्या झाकणाचे असत. तुळशीबाईंना ते फ्रीझरमध्ये नकोसे होत. दर सोमवारी आणि शुक्रवारी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून नवसी नावाची बाई रानभाजी घेऊन दारावर येई, कधी टाकळा, कधी कंटोली. तिच्या टोपलीत त्या हिरव्या झाकणाचे दोन-तीन डबे ठेवून देत. "घे गं, पोरांना होईल."

"आई, हिरवे डबे?" मैत्रेयीनं एकदा विचारलं.

"नवसीला दिले. अन्न वाया कशाला घालवायचं? तेवढंच दान."

मैत्रेयीनं फ्रीझरचं दार लावलं. त्या आठवड्यात कंपनीनं निरोप धाडला, शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवा.

शुक्रवार उजाडला. मैत्रेयी नेहमीसारखी साडेनऊला निघाली. चपला घालताना राजेंद्रला हळूच म्हणाली, "उद्या नाही म्हणून सांगते. संपवू एकदाचं." देवघरात तुळशीबाईंच्या कानावर ते पडलं. त्यांचं फूल वाहणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

थोड्या वेळानं दारावर नवसी आली. टोपली खाली ठेवून तिनं आधी धुऊन लख्ख केलेले डबे काढले.

"आजी, एक इचारू? रागवू नका."

"विचार की."

"ह्या डब्यांवर तुमचा नाव लिवलाय, असा माजी पोर बोलली. सातवीला हाय ती, वाचते. चुकून दिलात का आमाला?"

"माझं नाव?" तुळशीबाईंनी पोथीवरचा चष्मा आणून डोळ्यांना लावला. झाकणाखाली कडेला पट्टी होती. धुऊन शाई फिकी झाली होती, पण अक्षर मैत्रेयीचंच होतं. 'आई. एकादशी सोडायला. कांदा-लसूण नाही.' दुसऱ्यावर, 'आई. मुगाचं वरण. तिखट अगदी कमी.' तिसऱ्यावर, 'आई. गुरुवार. सैंधव घातलंय.'

"मंग माज्या जिवाला लागला," नवसी सांगत होती. "सुनेनं सासूसाठी केलेला घास, तो आमी खाल्ला. ग्वाड व्हता, आजी. पन तुमी शिळा म्हून दिलात का?"

तुळशीबाई पट्टीवरची अक्षरं पुन्हा वाचत राहिल्या.

"आमी रातचा भात सकाळी खातो, त्याचा काय नाय," नवसी टोपली उचलत म्हणाली. "पन तुमच्या देवाला नको ते आमच्या पोरांना द्यायचा, ह्याला दान बोलतात का, ते मला ठाव नाय. तुमी शिकल्या-सवरल्या."

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. म्हणूनच ते तुळशीबाईंना जास्त झोंबलं! त्यांनी कंटोली घेतली आणि तशाच देवापुढे जाऊन बसल्या. जप करायला घेतला, पण माळेचे मणी पुढे सरकेनात.

तेवढ्यात समोरच्या दारातून शेजारीण मीना आली. मीनाचं माहेर-सासर दोन्ही उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं. तिचा नवरा हरेश तिथेच जेवणाचं छोटंसं दुकान चालवायचा. दोन्ही घरं बारा वर्षं एकमेकांच्या विरजणावर दही लावत आली होती.

"तुळशीताई, प्रसाद! लवकर पकडा, हात भरलेत माझे."

ताटात जाडसर गोड पोळ्या होत्या, वाटीत दही आणि बाजूला तळलेली कारली.

"केव्हा केलंस गं हे?" तुळशीबाईंनी सवयीनं विचारलं.

"काल संध्याकाळी. आज आमची सिंध्यांची थदडी ना! काल रात्री गॅस पुसला, पूजा केली, वर पाणी शिंपडलं, शीतळा मातेला हात जोडले. बस्स! आज घरात गॅस पेटणार नाही. चायसुद्धा नाही. हरेश तर चायसाठी सकाळीच दुकानात पळाला."

पुढे आलेला तुळशीबाईंचा हात मागे गेला. "मीना, माझा नेम आहे..."

"प्रसादाला पण?"

तुळशीबाईंनी ताटाकडे पाहिलं. देवीचा प्रसाद नाकारायचा? की देवाला दिलेला शब्द मोडायचा? तीस वर्षांत असा पेच कधी पडला नव्हता! आणि त्यांना त्यांचं माहेर आठवलं. शीतळा सप्तमीला आईनं ताकात कालवलेला गार भात, विझलेली चूल आणि तिच्यावर ठेवलेलं फूल. त्या दिवशी आई दुपारी ओसरीवर पाय पसरून निवांत बसायची. वर्षातून तेवढीच.

"आमच्यातही आहे गं ही देवी," त्या पुटपुटल्या.

"मग? देवीला कालचं चालतं आणि तुम्हाला चालत नाही? तुम्ही देवीहून मोठ्या झाल्या क्या?" मीना खाली मांडी घालून बसली. "माझी सास बोलायची, देवीला थंड का पाहिजे? एक दिन तरी चुलीसमोरच्या बाईचा जीव थंड होऊ दे, म्हणून. ताई, कालचं आणि शिळं एक नसतं. लक्ष देऊन झाकलं, सांभाळलं, ते ठेवणीतलं. ज्याला कोणी विचारलं नाही, ते शिळं."

"पण व्रत..."

"व्रत तुमचं. मग पहाटे झोप कोणाची मोडते? पाय कोणाचे दुखतात? पोस्ट कोणाची जाणार? ताई, तुम्ही फक्त बोललात, व्रत तर मैत्रेयी करते! मग पुण्य कोणाला मिळणार, सांगा!"

तुळशीबाईंनी वर पाहिलं. समईची ज्योत शांत होती. आतून मात्र काहीतरी लख्खकन उजळलं! खरंच की! आपण टीव्हीला व्रतानं हलवलं, तेव्हा गंमत वाटली होती. आज त्याच व्रताची दोरी एका मुलीच्या अकरा वर्षांच्या कष्टांभोवती आवळली. आणि ही मुलगी दर रविवारी आपले वार, आपली पथ्यं, आपलं मीठसुद्धा लक्षात ठेवून डबे भरत होती! देवाच्या आड उभं राहून आपण तिला अडवलं. हे देवाला कसं आवडेल?

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, गोड पोळीचा तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात घातला.

"कसा आहे?" मीनानं विचारलं.

"वेलची जरा जास्त पडलीय," तुळशीबाई म्हणाल्या. मीना खो-खो हसली. ताईंचा जीव ठिकाणावर आल्याची ती खूण होती.

संध्याकाळी सातला मैत्रेयी घरी आली. पर्स टाकली, हात धुतले आणि सवयीनं परातीकडे वळली. ओट्यापाशी तुळशीबाई उभ्या होत्या. गॅसवर ओलं फडकं आणि एक जास्वंदीचं फूल होतं.

"आज गॅस पेटायचा नाही," त्या म्हणाल्या.

मैत्रेयीनं परात तशीच खाली ठेवली. "आई, आता कसला नेम?"

"बस आधी." तुळशीबाईंनी तिला हाताला धरून बसवलं आणि ते तीन डबे पुढ्यात ठेवले. "हे मी आज वाचलं. चष्मा लावून. मैत्रेयी, मी व्रत केलं नाही गं, हट्ट केला. त्याला देवाचं नाव दिलं, म्हणजे तुला बोलता येऊ नये. चुकले मी."

मैत्रेयीचे डोळे भरले, पण ती लगेच विरघळली नाही. "आई, मी मोठ्या मुश्किलीनं मन घट्ट केलंय. आज हो म्हणाल आणि मार्गशीर्षात दुसरा नेम धराल, तर मी काय करायचं?"

हा प्रश्न तुळशीबाईंनी मुकाट्यानं सोसला. तो सोसायलाच हवा होता. "यापुढे जो नेम धरीन, त्याचे कष्ट मी एकटीनं उचलीन. दुसऱ्याला हात लावावा लागला, तर तो नेमच नाही. आता शिकव, तुझे ते डबे कसे वापरायचे."

मैत्रेयीनं डोळे पुसले. "आदल्या दिवशी डबा फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवायचा. बाहेर ओट्यावर नाही. मग खदखदून गरम करायचा. आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही."

"अगं बाई! म्हणजे यातही सोवळं-ओवळं आहे तर!" तुळशीबाई म्हणाल्या, आणि सासू-सुना दोघी हसल्या.

दारात राजेंद्र उभा होता. "आज जेवायला काय? गरम पोळी..."

"राजेंद्र, तुझी दोन्ही मनगटं शाबूत आहेत ना?" आईनं विचारलं. "रविवारी कणीक तू मळायचीस. एक हात अधू झाला की माणूस रडत बसत नाही, दुसऱ्याचा हात धरतो. आणि आज आपण हरेशच्या दुकानात जेवायचं."

"आई, तू? बाहेर?" राजेंद्रच्या हातातली किल्ली खाली पडली.

शेअर रिक्षानं तिघं कॅम्प तीनला उतरले. जीन्सच्या दुकानांच्या ओळीत चार टेबलांचं ते दुकान. हरेशनं फडक्यानं टेबल दोनदा पुसलं. "मावशी, सिंधी कढी-चावल खावा. बेसन, भेंडी, शेवग्याची शेंग, चिंच. आपल्या कढीत कांदा-लसूण नाहीच."

"केव्हा केलीस रे?"

"चारला. का?"

राजेंद्रनं घड्याळ पाहिलं आणि मिश्कीलपणे म्हणाला, "आई, प्रहर उलटला!"

"उलटू दे. घर उलटण्यापेक्षा बरं," असं म्हणत तुळशीबाईंनी पहिला घास घेतला. समोर मैत्रेयी बसली होती. अकरा वर्षांत आज प्रथमच ती कुणाला वाढायला न उठता सगळं ताट सलग जेवत होती. तुळशीबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. कढी उत्तम होती. इतकी साधी गोष्ट पाहायला आपल्याला एवढा वेळ लागावा!

शनिवारी मैत्रेयीनं होकार कळवला.

सोमवारी नवसी आली, तेव्हा तुळशीबाईंनी तिला आत बोलावून टेबलाशी बसवलं. एकाच डब्यातली गरम केलेली मटकीची उसळ दोन ताटल्यांत वाढली. "नवसी, तू विचारलंस ना? ते दान नव्हतं. मला नको ते मी तुझ्या टोपलीत टाकलं. आज माझ्याबरोबर जेव."

नवसीनं घास चाखला. "मीठ कमी हाय, आजी."

"असू दे. मीच गरम करताना पाणी जास्त घातलं."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी साडेसहाला मैत्रेयी निघाली. ओट्यावर तिचा डबा तयार होता. तो तुळशीबाईंनी भरला होता, अशक्त मनगटानं झाकण तीनदा दाबून. नंतर त्या पूजेला बसल्या आणि त्या दिवशी त्यांचा जप कुठेही अडला नाही.

वाचकहो, नेम जरूर धरावेत. नेमानं मनाला वळण लागतं, दिवसाला आधार मिळतो. पण नेम धरण्याआधी घरात एकदा नजर फिरवावी, आपल्या पुण्यासाठी पहाटे कुणाची झोप मोडतेय ते पाहावं. स्वतःला बांधतं ते व्रत, दुसऱ्याला बांधतो तो हट्ट. आणि अन्न शिळं होतं ते घड्याळानं नव्हे. ज्या हातांनी ते रांधलं त्या हातांची कदर संपली, की ताटातली ऊन ऊन पोळीसुद्धा शिळीच असते!