पीरसाब नदाफांचं शेवटचं मरण

झोळीची कडी करकरली आणि रुक्सानाचा हात रिमोटवर तसाच थांबला. समोरच्या कारखान्यातले माग जेवणाच्या सुट्टीत बंद होते, त्यामुळे सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या गल्लीत एरवी नसते तेवढी शांतता होती. बाळानं कूस बदलली, झोपेतच दोनदा ओठ चोखले आणि परत निपचित झालं. मग तिनं टीव्ही लावला. आवाज शून्यावर.

बाळ झाल्यापासून घरातला टीव्ही असाच मुका चालायचा. पाच वर्षांच्या जोयाला आता त्याची सवयच झाली होती. कोण काय बोलतंय ते मायलेकी ओठांवरून ओळखायच्या आणि त्यात जोया आईच्या पुढं निघून गेली होती. जाहिरातीतली बाई काय म्हणते तेसुद्धा ती बिनचूक सांगायची.

आज मालिकेतले आबासाहेब मरणार होते. आबासाहेब म्हणजे रुक्सानाचे अब्बा, जोयाचे नाना, पीरसाब नदाफ. खरे पीरसाब जाऊन महिना उलटला होता. चाळिसावा अजून व्हायचा होता.

तसं पाहिलं तर पीरसाबांनी जन्मभर मरायचंच काम केलं. तरुणपणी दिवसा कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या आणि संध्याकाळी केसांतला कापूस न झटकताच नाटकाच्या तालमीला पळायचं. श्रीपूरला साखर कारखान्यावर एकदा प्रयोग लागला होता. तलवारीचा वार लागून पीरसाब असे काही कोसळले, की पुढं बसलेली ऊसतोडीची एक बाई तांब्याभर पाणी घेऊन थेट स्टेजवर चढली. मेलेले पीरसाब ओठ न हलवता म्हणाले, "मावशी, खाली जावा की. मला अजून पुढच्या अंकात भूत होऊन यायचंय."

ती गोष्ट गावभर झाली. मग सिनेमावाले आले. पाटलाचा गडी, हवालदार, मध्यंतराच्या आधी गोळी खाणारा गरीब मास्तर. पोस्टरवर त्यांचा चेहरा कधी आला नाही, पण "ते नाही का, ते छान मरतात ते" म्हटलं की लोकांना लगेच ओळख पटायची. उतारवयात मालिका मिळाली. त्यात ते मोठ्या घरचे आबासाहेब. चाळीस वर्षं हाय-न्हाय करणाऱ्या माणसाला तिथं "आहे" आणि "नाही" घोटावं लागलं. फोनवरही तसंच बोलायचे, तेव्हा रुक्साना म्हणायची, "अब्बा, आबासाहेबांना बाहेर बसवा. मला तुमच्याशी बोलायचंय."

पण एक गोष्ट त्यांनी कुठल्याच दिग्दर्शकाला कळू दिली नाही. रुक्साना लहान असताना एकदा रुसून म्हणाली होती, "तुमी सगळ्यांसाठी मरता. आमच्यासाठी काय करता?" तेव्हापासून पडद्यावर मरताना ते घरचा एक शब्द सोडायचे. घरातल्या दखनी बोलीतला, तिच्यासाठी. पुजाऱ्याच्या भूमिकेत शेवटच्या खोकल्यात "कायकू" येऊन गेलं. हवालदार कण्हत कण्हत "हौ" म्हणून गेला. लोकांना वाटायचं, माणूस कळवळतोय. रुक्साना मात्र थेटरात खुर्चीवर उभी राहून ओरडायची, "सापडला", आणि अम्मी तिला चिमटा काढून खाली बसवायची.

पीरसाबांना दुसऱ्या मालिकेचं बोलावणं आलं होतं, म्हणून आबासाहेबांच्या मरणाचा सीन आधीच उरकून घेतला होता. त्या संध्याकाळी त्यांचा मुंबईहून फोन आला.

"बेटा, गेले आज आबासाहेब. नदीच्या काठावर, लई निवांत. तुझा शब्द टाकलाय."

"कंचा? सांगा की."

"सांगितल्यावर मजा काय राहिली? यावेळचा सोपा न्हाय. बघ आणि फोन कर."

फोन करायचं राहूनच गेलं. त्याच रात्री भाड्याच्या खोलीत झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं. दार आतून लावलेलं होतं. सकाळी ते तोडावं लागलं.

दफनविधी झाला, पाहुणे आले आणि गेले. बाळाला पाजताना, डाळ निवडताना रुक्सानाच्या मनात एकच चाले: अब्बांचा एक शब्द अजून यायचाय. माणूस गेलं तरी त्याचा एक शब्द वाटेत आहे, आणि तो आपल्यासाठी आहे. त्या शब्दाच्या आधारानंच तिनं महिना काढला होता.

शेजारची श्रीदेवी विड्या वळायचं सूप काखेत घेऊन आली आणि उंबऱ्याशी बसली.

"अक्का, आवाज वाढव की. मरणाचा सीन मुका बघायचा व्हय?"

"बाळ उठंल."

"उठू दे. त्याचाबी नानाच हाय."

रुक्सानानं आवाज वाढवला.

घाटाच्या पायरीवर आबासाहेब मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. डोळ्यांखालच्या सुरकुत्या तिच्या ओळखीच्या. कानाजवळचा तीळ मेकअपमध्ये झाकलेला, तरी तिला दिसला. त्यांनी ओठ उघडले आणि आतून भलताच आवाज आला. भरदार, घोटीव, पाकात बुडवल्यासारखा. "सूनबाई, या घराचा मान आता तुमच्या हाती."



"अगं बाई," श्रीदेवी हातातलं विडीचं पान खाली ठेवत हळूच म्हणाली, "ह्यांच्या तोंडात दुसराच कोन बसलाय?"

वाक्य संपलं, पण पीरसाबांचे ओठ थांबले नाहीत. ते मिटले, परत उघडू लागले. आवाज काहीच आला नाही. तेवढ्यात कॅमेरा रडणाऱ्या सुनेकडं वळला. सनई सुरू झाली.

तिनं मोबाइलवर तोच भाग लावला आणि मागं नेला. परत बघितलं. परत मागं नेला. जोया तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"पानी," जोया म्हणाली. "नाना पानी म्हणाले."

"बेटा म्हणाले असतील," रुक्साना म्हणाली.

"माँ आसंल," श्रीदेवी म्हणाली. "जाताना समद्यांना आईच आठवती."

तिघींनीही ते शब्द म्हणून बघितले. प, ब, म. ओठ तिन्हींना सारखेच मिटत होते. "माफ कर" म्हटलं तरी सुरुवात तशीच होत होती. तो शब्द मात्र रुक्सानानं मोठ्यानं म्हटला नाही.

पीरसाबांचं शव घेऊन मालिकेचा एक सहायक सोलापूरपर्यंत आला होता, करमाळ्याचा शिवराज. त्याचा नंबर तिच्याकडं होता. तिनं फोन लावला.

"व्हय ताई, डबिंग दुसऱ्याकडनं करून घेतलं," तो अवघडून म्हणाला. "तिथं शेजारी जनरेटर चालू होता. सरांचा आवाज नंतर घ्यायचं ठरलं होतं. पण नंतर..."

"कागदावर वाक्य कुठपर्यंत होतं?"

"मान तुमच्या हाती, इथपर्यंतच."

"ते पुढं काहीतरी बोललेत."

"पुटपुटले खरं. आमाला वाटलं, कण्हतायत. सर नेहमी तसं करायचे की."

"मूळचा आवाज ठेवलाय का? जनरेटरचा असला तरी चालंल."



"पुसला ताई. काम झाल्यावर पुसतोच आमी. कुनाला काय म्हाईत..."

"तू जवळ होतास?"

"मी पाठीमागं छत्री धरून हुतो. ऊन लई होतं."

तिनं फोन ठेवला. श्रीदेवीनं सूप उचललं, जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या घरी गेली. समोर माग सुरू झाले. त्या खडखडाटात बाळ झोपलेलंच राहिलं. त्याला तो आवाज पोटात असल्यापासून ओळखीचा.

रुक्साना कपाटाच्या आरशापुढं उभी राहिली. तिची जिवणी अब्बांवर गेली होती. लग्नाआधी सगळे म्हणायचे, मुलीच्या तोंडावर बापाचं तोंड चिकटवलंय. तिनं ओठ मिटले आणि आवाज न करता एकेक शब्द सोडला. पानी. बेटा. माँ. मागांच्या आवाजात आरशातला माणूस तिच्याकडं बघून काहीतरी सांगत होता आणि दरवेळी त्याचं अर्धंच कळत होतं. शेवटी तिनं तो चौथाही म्हणून बघितला. आरशात तोही तितकाच खरा वाटला. आता अब्बांचा तो शब्द सगळीकडं असणार होता. ज्या शब्दावर ओठ मिटतील, त्या प्रत्येक शब्दात.

ओढणीला हिसका बसला. जोया आरशात तिच्याकडंच बघत होती. तिच्या ओठांकडं.

"अम्मी, हे तर खोटं मरण होतं ना?"

"हौ."

"मग खरं मेले, तेव्हा नाना काय म्हणाले?"