अंबाडी आणि चावरा उंदीर

त्या सकाळी आचलच्या जिवाला थारा म्हणून नव्हता. वर्षभर राबून जे उभं केलं, त्याचा निकाल आज लागणार होता, आणि तो लावणार कोण, तर उंदीर!

अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात आचल अंबाडीच्या लाल बोंडांवर पीएचडी करत होती. झाडं आपल्या फुलाफळांत फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं साठवतात. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशी मरत जातात, त्यांना ही द्रव्यं वाचवतील का, हे तिला पाहायचं होतं. घरी तिची आई, आशाबाई, पोटच्या पोरीलाच "कोणाची वं तू?" असं विचारू लागली होती. तेव्हा आचलला हे नुसतं डिग्रीचं काम नव्हतं.

सगळ्या उंदरांना विसर पाडणारं इंजेक्शन दिलं होतं. मग अर्ध्यांना रोज अंबाडीचा अर्क आणि अर्ध्यांना नुसतं पाणी. आज त्यांची परीक्षा. गढूळ पाण्याचं मोठं टाकं आणि पाण्याखाली लपवलेला पाट. पाट कुठे आहे ते आधी शिकवून ठेवलेलं. ज्याला आठवेल तो सरळ पाटावर चढणार, विसरला तो गरगरत राहणार.

अर्कवाले झपाझप पाटावर चढले. आचलने टुणकन उडीच मारली. मग पहिला पाण्यावाला सोडला. तोही सरळ पाटावर! दुसराही. तिसराही. आचलच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांनाच आठवतंय, तर अंबाडीने केलं काय, कप्पाळ?

तिच्या गाईड साधना मॅडम रोज अकोल्याहून येऊन-जाऊन करत, पण कधी आवाज चढवत नसत. आज त्या कडाडल्या, "यांच्या पिंजऱ्यात कोणी काय टाकलं?"

"म्या टाकलं," दारातून आवाज आला. आचलचे बाबा, सूर्यभान. वलगावच्या आपल्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बोंडं तेच आणून देत आणि आचलचं काम आटपेपर्यंत पिंजऱ्यांपाशी बसून राहत. "बोंडं टाकली. अर्ध्यायले देता अन् अर्धे बिचारे टुकूटुकू पाहून रायतात. असं असते का कुठं?"

"अवो बाबा, सत्यानाश केला तुमी!" आचल रडकुंडीला आली.

"सगळ्यांना दिलं?" मॅडमनी विचारलं.

"नाई. त्या कोपऱ्यातल्याले नाई. लय चावरं हाये थे!" त्यांनी चिंधी बांधलेलं बोट वर केलं. घरी काटा लागला म्हणून सांगितलं होतं, लबाड!

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कोपऱ्याकडे धावल्या. हातमोजे चढवून आचलने चावऱ्याला उचललं, पाण्यात सोडलं. तो डावीकडे गेला, कडेला धडकला, मागे फिरला, पाटाच्या अगदी जवळून निघून गेला. पुन्हा गरगर. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"मॅडम, हा विसरला!" आचल किंचाळली. "हा एकटाच विसरला!"

मॅडमनी तिला मिठीच मारली. सूर्यभान दोन्ही हात वर करून "जमलं रे बाप्पा!" म्हणत नाचायलाच लागले. चावऱ्याला बाहेर काढून पुसायचं भान कसंबसं आचललाच राहिलं.

पण मॅडम त्या मॅडमच. "एका उंदरावर काही सिद्ध होत नसतं," डोळे टिपत त्या म्हणाल्या. "नवे उंदीर आणायचे. सगळं पहिल्यापासून."

"उद्यापासूनच!" आचल म्हणाली. तिला तर आत्ताच सुरू करायचं होतं.

सूर्यभान नाचायचे थांबले. "म्हंजे पुन्ना अर्ध्यायले नुसतं पाणी?"

"हो, बाबा."

"मंग तुही माय कोणत्या अर्ध्यात हाये, थे सांग मले."

आचलने बाबांचा हात धरला. "कोणत्याच नाई, बाबा. तिच्यासाठी अजून औषधच झालं नाई. पाण्यावाले विसरले अन् बाकीचे नाई विसरले, हे नीट दिसल्याबिगर थे होणारबी नाई."

सूर्यभान त्या अजून ओलसर, थरथरणाऱ्या चावऱ्याकडे वळले. मग दुखरं बोट कुरवाळत म्हणाले, "मंग या खेपेले सारे चावरेच आण, बाई."