बारा पाती

"बंद करा अब्बा, बंद करा!"

उमैमा ओरडली तेव्हा बद्रुद्दीनचा हात बटणावर पोहोचलाही होता. ब्लोअरचा पंखा कण्हत, थरथरत थांबला. गिरणीच्या खिडकीची काच आणखी थोडा वेळ वाजत राहिली, मग तीही गप्प झाली.

कुरुंद्यातल्या या गिरणीत हळद दळली जाते. उडणारी भुकटी ओढून घेणारा हा ब्लोअर बद्रुद्दीनला आयुष्यभर थरथरून छळत आला होता. दर हंगामात बोल्ट आवळायचे, बेअरिंग बदलायचे आणि जेवताना तळहातातल्या मुंग्या बायकोपासून, शहनाजपासून, लपवायच्या. यंदा मात्र त्याने तिला सांगूनच टाकले होते, "आता हात साथ देत न्हाई. या साली बी हललं तर गिरणी विकून टाकतो." दाराआड उभ्या लेकीने ते ऐकले होते.

उमैमा पुण्यात टर्बाइनच्या चाकांच्या कंपनांवर पीएच.डी. करत होती. सुट्टीत तिने बापाच्या पंख्याची मापे घेतली, संगणकात त्याची प्रतिकृती बांधली आणि सांगितले, की पंखा ज्यावर फिरतो तो दांडा बारीक आहे. पंख्याच्या गतीला तो स्वतःच डुलू लागतो. वसमतहून जाड दांडा लेथवर कातून आणला. आज तो पहिल्यांदाच फिरला होता, आणि थरथर होती तशीच होती.

बंजारा तांड्यावरची रुक्माबाई दाराशी पोत्याला टेकून बसली होती. हंगामाची पहिली हळद दरवर्षी तिचीच दळली जाई.

"काय करू बद्रूभाऊ? पोती वसमतला न्यू का?"

बद्रुद्दीन पंख्याकडे पाहत राहिला.

"थांबा मावशी," म्हणत उमैमाने लॅपटॉप उघडला.

"बेटा, त्याला दोन दोन दिवस लागतात म्हणत होतीस."

"आख्ख्या चाकाचा हिशोब घातला तर लागतात, अब्बा. माझी पद्धत येगळी हाय. बारा पाती सारखी, मग एकाच पात्याचा हिशोब करायचा अन् तोच गोल फिरवत न्यायचा. चहा होईस्तोवर उत्तर येतं."

"मग ठेवते चहा," शहनाज म्हणाली. "हरलीस तर बिनसाखरेचा."

चहाला उकळी येण्याआधीच उत्तर आले. उमैमा पडद्याकडे पाहतच राहिली.

"हे म्हणून राहिलं, हलायला नको."

"मंग पंख्याला जाऊन सांग तसं!" बद्रुद्दीन म्हणाला. त्या बोलण्यात राग नव्हता. पण हसूही पुरते फुलले नाही.

उमैमाने ओठ दाबून धरले. मग ती स्वतःशीच बोलावे तशी हळू म्हणाली, "सारखी पाती. सगळी सारखीच आहेत, हे मी धरूनच चालले." तिने प्रतिकृतीतल्या एका पात्याचे वजन किंचित वाढवले. पडद्यावरचा गोल एका बाजूला झुकला आणि थेट त्या ब्लोअरसारखाच झोके घेऊ लागला.

"पात्याला कोणी काही लावलं का?"

"लावलं म्हंजे?" रुक्माबाई अभिमानाने उठली. "मी बांधली ना पुडी! नव्या हळदीचं हळकुंड अन् कवड्या, लाल चिंधीत. दर साली चौकटीला बांधते. यंदा पोरीनं नवा दांडा बसवला, म्हून आत पंख्यालाच बांधली. म्हनलं, लेकराच्या कामाला नजर नको."

शहनाजने तोंडाला पदर लावला, आणि बद्रुद्दीन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. रुक्माबाईचा चेहरा मात्र उतरला.

"माझ्यानंच हललं का? सोडू का मंग?"

"हंगाम सरेस्तोर सोडत न्हाईत ना तुमच्यात?" बद्रुद्दीनने विचारले.

"न्हाई सोडत. पन..."

"सोडू नका मावशी," उमैमा म्हणाली. "समोरच्या पात्याला तशीच दुसरी बांधू. तेवढ्याच वजनाची."

रुक्माबाईने आपल्या ओढणीच्या काठाच्या कवड्या तोडून दिल्या. पहिली पुडी चिंधीची गाठ न सोडता पात्यावरून सरकवून काढली आणि उमैमाने दोन्ही पुड्या तराजूत तोलल्या. हळकुंडाचा एक तुकडा मोडून काट्याशी काटा जुळवला आणि समोरासमोरच्या पात्यांना तारेने दोन्ही घट्ट आवळल्या.

"ही कोणासाठी, मावशी?"

"ही तुझ्या त्या कांपुटरसाठी. त्यालाबी नजर लागंल, लई हुशार हाय."

बद्रुद्दीनने बटण दाबले. पंखा फिरला, वेगात आला. नळीतून पिवळी भुकटी ओढली जाऊ लागली. खिडकीची काच वाजली नाही. सवयीने त्याने ब्लोअरच्या पत्र्यावर तळहात टेकवला, वाट पाहिली, हात उचलून पुन्हा टेकवला.

"चालू हाय ना?" त्याने विचारले.

शहनाज साखर घातलेला चहा घेऊन आली आणि तिने कप त्याच पत्र्यावर, त्याच्या हाताशेजारी ठेवला. इतक्या वर्षांत तिथे कधी काही ठेवता आले नव्हते.

चहावर एकही तरंग उठला नाही. तो निवत गेला, वर साय धरू लागली. पण बद्रुद्दीन कप उचलेना.