वाघुरीवरचा लाल दिवा

कॉलेजात अडगळीत पडलेला मायक्रोकंट्रोलरचा जुना किट धनश्रीनं मागून आणला होता. बोर्डाची एक पिन वाकडी, वायरी कुरतडलेल्या. पण आज तिनं लिहिलेल्या प्रोग्रामच्या चार ओळींवर त्याचा लाल दिवा पहिल्यांदाच उघडझाप करायला लागला. तिचा बाप धुळाजी हरखलाच. "लांडगं बुजतेत याला," म्हणत त्यानं पॉवर बँकेसकट ते सगळं मेंढरांच्या वाघुरीवर, कुंपणाच्या जाळीच्या उंच खुंटाला बांधून टाकलं.

दिवस मावळला आणि उमापूर गावाच्या अंगाला आभाळात दुसरा लाल दिवा दिसला. तोही तसाच लुकलुकत होता.

गावोगाव एकच बोलवा होती: आधी ड्रोन येऊन घरं हेरतं, मागनं चोर येतात. तेवढ्यात बांधावरून गावातली काठ्या घेतलेली माणसं धावत आली.

"कोण इशारा करतंय बे वरच्याला?" पुढचा ओरडला.

"इशारा न्हाई, पोरीचा अभ्यास हाय," धुळाजीनं हात जोडले.

"मंग वरचं बी तसंच कावून लुकलुकतंय?"

भ्यालेल्या माणसांना काय समजावणार, कपाळ! आपला दिवा विझवला तरी वरचा चालूच राहील, मग यांची खात्री पटेल, एवढंच धनश्रीला सुचलं. "बघा, बंद करते," म्हणत तिनं वायर ओढली.

खुंटावरचा दिवा विझला. त्याच क्षणी वरचाही विझला.

काळोखात पुढच्यानं बॅटरी मारली, सरळ तिच्या तोंडावर.