थट्टेची सोयरी

मागोमेनीच्या वस्तीत मी बावीस वर्षं भाड्याच्या खोल्या दाखवतोय. लोक दलालाला शिव्या देतात, देऊ देत बापडे. कोण कुठल्या अंगणात टिकेल हे मला माणूस दारात उभा राहिला की कळतं. मिलेंबेच्या बाबतीत मात्र माझा पार पोपट झाला आणि तो झाला हे बरंच झालं.

ती गुरुवारी आली. चोवीस वर्षांची, करियाकूच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारी, बोटांना सोल्डरिंगचे चटके.

"काका, मला गजबजलेली जागा हवी," ती म्हणाली. "पहाटे अजान, सकाळी नळावर भांडणं, संध्याकाळी गाणी. सगळं चालेल. फक्त भाडं बेताचं पाहिजे."

तिच्या वयाची पोरं फरशी मागतात, स्वतंत्र संडास मागतात आणि घरमालकीण लांब राहणारी मागतात. मी म्हटलं, "पोरी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सहा महिने गोबाला राहिले, त्या बंगलेवाल्यांच्या वस्तीत. फरशी होती, संडास होता, बाहेर उंच कुंपण होतं. मलेरियानं तीन दिवस पडून होते. शेजारी गाडी बाहेर काढत होते, आत लावत होते, मला सगळं ऐकू यायचं. कुणी दार वाजवलं नाही. चौथ्या दिवशी रांगत नळापर्यंत गेले." तिनं हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. "रविवारी तिथली मुदत संपते. पुढच्या सहा महिन्यांचं भाडं एकदाच देता येईल एवढेच आहेत माझ्याकडे. जागा चुकली तर आणखी सहा महिने तसेच काढायचे, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही. मग सरळ टाबोराला आईकडे."

मला तिची दया आली. दलालानं गिऱ्हाइकाची दया करू नये, धंदा बसतो.

दोन दिवसांत तिला चार खोल्या दाखवल्या. पोरगी भिंतींना हात लावायची नाही की छताकडे बघायची नाही. अंगणात जाऊन तिथल्या बायकांना विचारायची, "इथे कुणी आजारी पडलं तर काय होतं?" बायका खिदळायच्या. एकीनं दवाखान्याचा पत्ता दिला, एकीनं विचारलं, "का गं, तुला काही रोग आहे का?" ही मान हलवायची आणि चपला घालायची. शुक्रवारी संध्याकाळी मी चिडलो. म्हटलं, तू खोली शोधतेस की सासर?

"दोन्ही एकच की काका," ती म्हणाली. "जायचं आपण, आणि वागवायचं त्यांनी."

आता माझ्याकडे एकच घर उरलं होतं, झुबेरीच्या आईचं. मधे अंगण, भोवती सहा खोल्या, त्यातल्या सहावीला कुलूप. दोन महिन्यांपूर्वी तिचा एकुलता एक झुबेरी मोटारसायकलवरून पडून गेला. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भावांनी तिच्या मागे धोशा लावला, खोली भाड्यानं दे, तेवढाच आधार. तिनं मला निरोप पाठवला आणि मी नेलेली तिन्ही गिऱ्हाइकं हाकलून लावली. एकाचे पाय मोठे, एक सारखा जांभया देतो, तिसऱ्याचं काय चुकलं ते तिनं सांगितलंही नाही. एरवी मागोमेनीतलं सगळ्यात गोंगाटाचं अंगण ते, पण आता तिथे रेडिओसुद्धा कुजबुजायचा. झुबेरीचं नाव कुणी काढत नव्हतं. तिला त्रास नको म्हणून.

शनिवारी सकाळी वाटेत मी मिलेंबेला नीट समज दिली. "गेल्यावर पाया पडते म्हणायचं आणि गप्प बसायचं. मुलाचा विषय काढायचा नाही. कुठली म्हणून विचारलं तर मोरोगोरोची म्हणून सांग."

"मोरोगोरोची कशाला? मी न्यामवेझी जमातीची आहे."

"म्हणूनच! ती झारामो आहे. दोन्ही जमाती पिढ्यानपिढ्या एकमेकांचे थट्टेचे सोयरे. एरवी तुला बघून तिनं शिव्यांनीच स्वागत केलं असतं, आणि तू तिच्या ताटातली मासळी उचलून खाल्ली असतीस तरी तिला रागावता आलं नसतं. पण घरात मरण झालंय. बाई पिचलीय. तिला आता थट्टा सोसायची नाही."

"पण काका, मरणाच्या घरीच तर सोयऱ्यांनी थट्टा..."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "खोली हवी आहे ना?"

झुबेरीची आई आंब्याखाली चटईवर बसली होती. पुढ्यात सुपात तांदूळ होते, पण हात निवडत नव्हते. तिची जुनी भाडेकरू सिवेमा दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, आज नको.

"पाया पडते, आई," मिलेंबे वाकून म्हणाली.

"असू दे." वर न बघता. "शोमारी, तुला किती वेळा सांगायचं? मला नाही द्यायची खोली."

"एकदा पोरीकडे बघ तरी, झुबेरीची आई. कामसू आहे, गरीब आहे..."

"कुठली?"

"मोरोगोरोची," मी घाईनं म्हणालो.

"टाबोराची," मिलेंबे म्हणाली. "न्यामवेझी."

मला तिथल्या तिथे तिचा गळा दाबावासा वाटला. झुबेरीच्या आईनं मान वर केली आणि पोरीला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मग सूप बाजूला आपटलं.

"न्यामवेझी? आणि आज उगवतेस? चाळीस दिवस कुठे मेली होतीस, ओझी वाहणाऱ्यांच्या पोरी? माझा मुलगा पुरला, इथे नुसती रडारड झाली, तुमच्यातलं एकसुद्धा कुत्रं फिरकलं नाही माझ्या दारात!"

सिवेमाच्या हातातला कपडा तसाच राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. ही मोबाइलवाली पोर आता तोंड पाडून निघणार आणि मी रविवारी तिला टाबोराच्या गाडीत बसवून देणार.

मिलेंबेनं चपला काढल्या. सरळ चालत त्या कुलूपबंद दारापाशी गेली, उंबऱ्यावर फतकल मारून बसली आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन तिनं जो टाहो फोडला, तो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल.

"झुबेरी रेऽ! सोयऱ्यांना न विचारता निघालास होय रे! तुझी कबर कुणी तपासली? रुंद होती का? नारळ खाऊन फुगलेलं तुझं ते झारामो पोट मावलं का रे तिच्यात?"

मी डोळेच मिटून घेतले.

"पोट?" झुबेरीची आई म्हणाली. "पोट कुठलं आलं त्याला? काडी होता माझा पोरगा!"

"काडी? मग एवढे नारळ जायचे कुठे?"

मग दोरीपाशी सिवेमा हळूच म्हणाली, "घोरण्यात."

"काय म्हणालीस?" झुबेरीची आई गर्रकन वळली. "माझा झुबेरी घोरायचा? खोटारडे!"

"घोरायचा, झुबेरीची आई. सहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो. माझी तान्ही दचकून उठायची."

"आणि माझं पातेलं नेलं होतं त्यानं ईदला," दुसऱ्या खोलीतून एक बाई ओरडली. "अजून दिलं नाही!"

"चोर!" मिलेंबे उंबरा बडवत म्हणाली. "चोर आणि घोरणारा! अशा मुलासाठी ही बाई दोन महिने तांदूळ न निवडता बसलीय! तरी बरं, आमच्याकडे लग्न करून आला नाही. आम्ही त्याला तीन दिवसांत परत पाठवला असता, आणि वर त्याला लादून पोचवायचं गाढवभाडं मागितलं असतं!"

झुबेरीच्या आईच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं ठसका लागला. पण ती हसत होती. मांडीवर थाप मारून, पदर तोंडात कोंबून, पोट धरून हसत होती. "गाढवभाडं!" ती म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. मी तिला दफनाच्या दिवशीही रडताना पाहिलेलं नव्हतं. आता ती चटईवर आडवी पडून हमसाहमशी रडू लागली. मिलेंबे धावत गेली आणि तिनं बाईचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे स्वतःचे डोळेही गळत होते आणि ते नाटक नव्हतं. मी दलाल माणूस, पण मलाही राहवलं नाही, खोटं कशाला बोलू? आम्ही सगळे शहाणे दोन महिने तोंडावर बोट ठेवून या बाईची काळजी घेत होतो, आणि तिला हवं होतं ते नेमकं उलटं.

बऱ्याच वेळानं ती उठून बसली. नाक पुसलं. "मी तुला ही खोली देणार नाही," ती मिलेंबेला म्हणाली.

पोरीचा चेहरा उतरला. "बरं," ती म्हणाली.

"हिच्यात मी राहणार. तू माझी घे. रस्त्याकडची आहे, दिवसभर कल्लोळ असतो."

"चालेल, आई."

झुबेरीच्या आईनं कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडलं, पण दार ढकलायला हात पुढे होईना. "तू हो पुढे," ती म्हणाली. "सोयऱ्यांनीच आधी शिरायचं असतं."

मिलेंबे आत गेली. खिडकी उघडल्याचा आवाज आला. "या आई," तिनं हाक मारली. "नुसता उकाडा आहे, दुसरं काही नाही."

दोघी कितीतरी वेळ आत होत्या. सिवेमानं मला चहा आणून दिला. आतून मधूनच बोलणं ऐकू येत होतं, मधूनच नाही. दलाली मी पुरी घेतली, आधीच सांगतो, पण त्या वेळी ती माझ्या डोक्यात नव्हती.

मग झुबेरीची आई दारात आली. "सामान कधी आणतेस गं?" तिनं मागे वळून विचारलं.

"उद्या, रविवारी. तिथली मुदत उद्या संपते."

"मुदत गेली खड्ड्यात. आज आण. आणखी एक रात्र एकटी कशाला काढतेस?"

मिलेंबेनं मान डोलावली आणि चपला शोधायला अंगणात उतरली. मी चहा तसाच ठेवला आणि हातगाडीवाल्याला शोधायला निघालो.